वाड्यातला जुना बोर्ड

सोलापूर,
१२ फेब्रुवारी

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

एसी बसवण्यापूर्वी घरचा बोर्ड बदलावा लागेल का, हे तू विचारले होतेस, म्हणून रविवारी दक्षिण कसब्यात जाऊन आलो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पोटात गेल्याशिवाय काकूंनी मला जिन्याखाली जाऊच दिले नाही. बोर्ड बदलावाच लागेल, आणि त्याच्यामागची वायरही.

लाकडी फळीवर चिनी मातीचे तीन फ्यूज अजून तसेच आहेत. फ्यूज जुने आहेत म्हणून ते वाईट ठरत नाहीत. योग्य जाडीची तार असेल तर ते आपले काम चोख करतात. परंतु तुमच्या एका फ्यूजमध्ये कुणीतरी तांब्याचे चार-पाच पदर पिळून घातले आहेत, म्हणजे आता भार वाढला तर फ्यूजऐवजी भिंतीतली वायर जळेल. त्याची एक कडा काळवंडली आहे, आणि पाण्याची मोटर सुरू होताच स्वयंपाकघरातला दिवा मंदावतो. यावरून कुठेतरी जोड सैल आहे किंवा वायर भाराला अपुरी आहे, असे दिसते.

मला अधिक काळजी वाटली ती काकूंच्या एका वाक्याची: "वॉशिंग मशीनला हात लावला की मुंग्या येतात, म्हणून मी चप्पल घालते." घरात अर्थिंगची तार पोहोचलेलीच नाही, तीन पिनांच्या सॉकेटचे वरचे भोक नुसते शोभेचे आहे. इथे केवळ एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारे बटण, लावून भागणार नाही. सोळा अँपिअरची एमसीबी वायरला वाचवते, माणसाला नाही, कारण जीव घ्यायला एका अँपिअरचा अल्पसा अंशही पुरतो. माणसाला वाचवायला तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परतला नाही, की ती क्षणार्धात पुरवठा तोडते. तरीही अर्थिंगचा खड्डा नव्याने करावाच लागेल, आणि आपल्याकडे मे महिन्यात जमीन कोरडी पडते, तेव्हा त्यात अधूनमधून पाणी ओतावे लागेल.

माझी एक चूकही सांगतो. मी स्वतःच्या घरी जुन्या वायरवरच नवा, देखणा बोर्ड बसवला होता. पुढच्याच उन्हाळ्यात आतला एक सैल जोड वितळला, आणि एमसीबी मात्र पडली नाही. प्रवाह मर्यादेतच होता, तापत होता तो जोड. म्हणून नुसती पांढरीशुभ्र बटणे बसवून देणाऱ्याला नकार दे.

दीड टनाचा एसी साधारण सात अँपिअर घेतो आणि दोन हजार वॅटचा गिझर जवळजवळ नऊ. दोघांना बोर्डापासून स्वतंत्र वायर हवी. एसीसाठी मी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची घेईन. बिलावरचा मंजूर भारही पाहून ठेव. तो कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घ्यावा लागेल. मीटरच्या सीलला मात्र आपल्या वायरमनने हात लावायचा नाही.

परवानाधारक वायरमन पुढच्या गुरुवारी पाहणीला येणार आहे; त्याआधी तुझा होकार कळव. तोवर वॉशिंग मशीनचा प्लग काढून ठेवला आहे. त्याबद्दल काकूंची तक्रार तुझ्याकडे येईलच.

तुझा,
वसंत