न्या. रानडे यांचे न्यायदानही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर १८ जानेवारीला न्या. महादेव गोविंद रानडे यांच्यावर लेख येतात. त्यांत प्रार्थना समाज असतो, सार्वजनिक सभा असते. मात्र त्यांनी जवळजवळ तीस वर्षे ज्या कोर्टकामात घालवली, त्याबद्दल ओळभरही नसते.

१८७१ मध्ये ते पुण्यास पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश झाले. दुसऱ्या वर्गाकडे पाच हजार रुपयांपर्यंतचेच दावे जात, पहिल्या वर्गाला रकमेची मर्यादा नव्हती. पुढे सरकारचा संशय आड आला. १८७८ मध्ये नाशिकला आणि वर्षभरात, वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या धामधुमीत, धुळ्याला बदली झाली.

त्यांचे सर्वांत मोलाचे काम मला, कर्जबाजारी शेतकऱ्यांना सावकारापासून दिलासा देणाऱ्या १८७९ च्या शेतकरी कायद्याखालचे वाटते. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी तो होता. १८५९ च्या कायद्याने कर्जखतावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांवर आली होती, म्हणून सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेई. समजा, शेकडा २४ दराने १०० रुपये घेतले. तीन वर्षांनी खत १७२ चे, सहा वर्षांनी जवळपास २९६ चे. कुणबी कोर्टात हजर राहत नसे, मग एकतर्फी हुकूमनामा आणि जप्ती. नव्या कायद्याने न्यायाधीशाला खतामागे जाऊन पहिल्या देण्याघेण्यापासून हिशेब काढावा लागे : मुद्दल वेगळे, व्याज वेगळे, चक्रवाढ नाही, आणि दामदुपटीपलीकडे, म्हणजे मुद्दलाच्या दुपटीहून जास्त, वसुली नाही. तोच हिशेब २०० रुपयांवर थांबे. दर अवाजवी वाटला तर आणखी खाली येई.

या कायद्याखालच्या लहान दाव्यांत अपील नव्हते. त्यामुळे खालच्या कोर्टाची चूक सुधारायची ती जिल्हा न्यायाधीशाने किंवा या कायद्यासाठी नेमलेल्या खास न्यायाधीशाने कागद मागवून तपासल्यावरच. खास न्यायाधीशाचे हे काम रानड्यांनी आधी साहाय्यक म्हणून आणि १८८७ पासून मुख्य म्हणून केले. सावकारांनी पळवाट काढली ती गहाणाऐवजी विक्रीखत लिहून घेण्याची. अशा व्यवहारात लेखी खताविरुद्ध, कर्ज फिटल्यावर जमीन परत देण्याचा तोंडी करार शाबीत करणे फार अवघड असे.

१८९३ मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनानंतर रानडे हायकोर्टात गेले. १८६१ च्या कायद्याने तिथल्या किमान एक तृतीयांश जागा बॅरिस्टरांच्या आणि तितक्याच सिव्हिल सर्व्हंटांच्या, म्हणजे सनदी सेवेतल्या अधिकाऱ्यांच्या, होत्या. रानडे या दोहोंपैकी कोणीच नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या नेमणुकीचे वजन कळते.

त्यांचे निवाडे ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’च्या मुंबई मालेत छापलेले आहेत. येत्या जयंतीला त्यांतला एखादा मराठीत उलगडून छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे