माणूस मुळात हिंस्र आहे का?

चि. समीर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

माणूस मुळात हिंस्रच असून सहकार्य हा त्यावर चढवलेला पातळ मुलामा आहे, असे तू मागच्या पत्रात ठामपणे लिहिलेस आणि पुरावा म्हणून चिंपांझींच्या युद्धाचा दाखला दिलास. दाखला खरा आहे. टांझानियातील गोम्बेच्या जंगलात जेन गुडॉल ज्या टोळीचा अभ्यास करीत होत्या ती दुभंगली, आणि जानेवारी 1974 मध्ये मूळ टोळीतील काही नर आवाज न करता फुटीर गटाच्या हद्दीत शिरले. गोडी नावाचा नर तेथे एकटाच खात होता. एकाने त्याला जमिनीवर दाबून धरले आणि बाकीच्यांनी सुमारे दहा मिनिटे त्याला मारले. पुढच्या चार वर्षांत त्या गटातील सगळे प्रौढ नर मारले गेले किंवा नाहीसे झाले. मात्र एकाने धरायचे आणि इतरांनी मारायचे, हेही सहकार्यच आहे, ही गोष्ट तुझ्या नजरेतून निसटली.

रिचर्ड रँगहम हे मानवशास्त्रज्ञ आक्रमकतेचे दोन प्रकार मानतात: रागाच्या भरात उसळणारी आणि थंड डोक्याने योजलेली. पहिल्या प्रकारात माणूस चिंपांझीच्या मानाने फारच सौम्य आहे. अनोळखी माणसांच्या लांबलचक रांगेत आपण कुरकुरतो, पण एकमेकांना चावत नाही. दुसऱ्या प्रकारात मात्र आपला हात धरणारा प्राणी सापडणे कठीण, कारण योजना आखायला विश्वासातली माणसे लागतात.

पहिला प्रकार कमी कसा झाला असेल? जनुकशास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव यांनी 1959 पासून सैबेरियात चंदेरी कोल्ह्यांवर प्रयोग केला आणि दर पिढीत केवळ सर्वांत माणसाळू कोल्ह्यांचीच पैदास होऊ दिली. काही दशकांतच शेपटी हलवत माणसाजवळ येणारे कोल्हे तयार झाले. माणसाच्या बाबतीत ही निवड कोणी केली, या प्रश्नाला रँगहम यांचे उत्तर असे, की दांडगाई करणाऱ्या नराला इतरांनी संगनमताने संपवले आणि असे पिढ्यान्‌पिढ्या घडत गेल्याने तापट स्वभाव मागे पडला. कल्पना विलक्षण आहे, पण मला ती पुरती पटलेली नाही. हाडांवर घाव दिसतो, त्यामागचा कट दिसत नाही.

तरी हाडे बरेच काही सांगतात. सुदानमधील जेबेल सहाबा येथील दफनभूमी किमान 13,400 वर्षांपूर्वीची आहे. तेथील 61 सांगाड्यांची फेरतपासणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्यांतील निम्म्याहून अधिकांवर इजांच्या खुणा आढळल्या. हे सगळे एकाच लढाईत मेले, असे पूर्वी मानले जाई. परंतु कित्येक सांगाड्यांवर ताज्या घावांबरोबरच जुने, भरून आलेले घावही होते, म्हणजे हल्ले पुन्हापुन्हा होत होते. जुन्या घावाभोवती नवे हाड धरायला आठवडे, महिने लागतात, आणि गंभीर जखमी माणसाला तेवढ्या काळात शिकार किंवा वणवण जमणे कठीण असते. त्याला अन्नपाणी कोणी दिले असेल? बहुधा त्याच्याच टोळीने, आणि प्रतिहल्ल्याला निघणारी टोळीही तीच असणार. माया आणि वैर तेथे एकाच चुलीवर शिजत होते.

राहिला तुझा 'मुळात' हा शब्द. केनियात जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट सापोल्स्की अभ्यासत असलेल्या बबूनांच्या, म्हणजे मोठ्या आफ्रिकी माकडांच्या, एका टोळीतील सर्वांत भांडखोर नर शेजारच्या टोळीच्या हद्दीतील उकिरड्यावर खरकट्यासाठी झगडायला जात. 1980 च्या दशकात तेथील क्षयाने दूषित झालेल्या मांसामुळे ते मेले आणि मागे सौम्य नर उरले. बबूनांचे नर वयात आल्यावर टोळी बदलतात, त्यामुळे दहा वर्षांनी तेथे जुन्यांपैकी एकही नर नव्हता. तरीही बाहेरून आलेल्या नव्या नरांनी तीच शांत वागणूक उचलली होती. माद्या नव्या नरांना लवकर जवळ करीत, हे त्याचे एक कारण असावे. आता हे नर 'मुळात' कसे होते, असे तू म्हणशील?

जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टन यांच्या 1964 च्या नातेनिवडीच्या गणिताविषयीही, म्हणजे नातलगांना मदत करण्याची वृत्ती कशी टिकते याच्या हिशेबाविषयी, तू विचारले होतेस. ते समीकरण मांडल्याशिवाय समजणार नाही, म्हणून पुढच्या पत्रासाठी ठेवते.

तुझी,
आई