आई-बाबा, ठरलंय ते सांगते

प्रिय आई-बाबा,

फोनवरच बोलणार होते, पण बाबा मधेच तोडतात आणि मग आई गप्प होते, म्हणून लिहितेय. दादाचं नि माझं ठरलंय. तुम्ही दोघं माझ्याकडे राहायचं आणि खर्चाचा मोठा भाग दादा उचलणार. खोलीत उजेड भरपूर आहे, बाथरूम लागूनच, आईच्या मशीनसाठी खिडकीजवळची जागा मोकळी केलीय.

बाबा, तुम्ही म्हणणार दोघांवर सारखाच भार हवा. तुम्ही तर खोडरबरसुद्धा ब्लेडने अर्धं करून द्यायचात आणि तरी दादा पट्टी घेऊन मोजायला बसायचा! पण ॲरिस्टॉटल म्हणतो तसं, समान असतील त्यांना समान आणि नसतील त्यांना प्रमाणात. दादाला पगार जास्त, मला घरून काम म्हणून वेळ जास्त, एवढंच. आता तुम्ही लगेच म्हणाल की याच माणसाला गुलामगिरी नैसर्गिक वाटायची, आणि ते खरंच आहे, प्रमाणाचा हिशोब माणसाच्या किमतीला लावला की असंच होतं. त्या काळच्या अथेन्समध्ये कायद्यापुढे सगळे नागरिक समान, पण बायका आणि गुलाम त्या समानतेत नाहीतच. १७७६ ला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सगळी माणसं समान जन्मतात असं लिहिणाऱ्या जेफरसनकडे स्वतःचे गुलाम. तुमचा लाडका १७८९ चा माणसाच्या हक्कांचा फ्रेंच जाहीरनामा घ्या, त्यातही बायका नव्हत्याच, म्हणून १७९१ मध्ये ओलिंप द गूज या फ्रेंच लेखिकेनं त्याच धर्तीवर बायकांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. काम आणि पैसा कमीजास्त वाटला तर काही बिघडत नाही हो, माणूस कमीजास्त धरायचा नाही.

दादात नि माझ्यात तुम्ही कधीच तसं केलं नाहीत. आईच्या बाबतीत मात्र... जाऊ दे, चिडू नका. यावेळी मी आधी तिला विचारलं. ती "चालेल" म्हणाली आणि लगेच "पण ह्यांना विचार". तर विचारतेय, पण उत्तर हो असंच द्या.

आई, गुडघ्याचा पट्टा लाव आणि स्टुलावर चढून माळा अजिबात आवरायचा नाही. बाबा, बीपीच्या गोळ्या संपायच्या आधी सांगायचं, संपल्यावर नाही. पुस्तकं सगळी आणू, एकही रद्दीत जाणार नाही. आणि इथे आल्यावर आईची दुपारची झोप मोडायची नाही, चष्मा आपला आपण शोधायचा.

सामान बांधायला दादा येईल, त्याच्याशी कपाटावरून पुन्हा वाद नको.

तुमची,
छोटी