वरच्या मजल्यावरच्या काकूंना

दांडिया बाजार, बडोदे

ती. काकूंस सा. न. वि. वि.

तुम्ही पुण्याला मुलाकडे राहायला गेलात त्याला आता वर्ष होत आलं. फोनवर तब्येतीची, पावसाची चौकशी होते, पण मनातलं बोलायचं राहून जातं. एकदा मी सुरुवात केली होती, तर 'बरं बरं, जेवलास का?' म्हणून तुम्ही विषयच बदललात. म्हणून आता चारचौघांसमोर लिहितोय, म्हणजे तुम्हाला मध्येच थांबवता येणार नाही.

तो पितृपक्षातला दिवस होता. नवरात्राला आठ दिवस उरले होते. एका गरबा मैदानाच्या पासांची वेबसाइट मी एकट्यानं बनवली होती, आणि तीन संध्याकाळी ती ओळीनं बंद पडत होती. सात वाजले, लोक कामावरून घरी पोचून मोबाइल हातात घ्यायला लागले, की अर्ध्या तासात साइट थिजायची. सर्व्हर पुन्हा चालू केला की जरा वेळ चालायची, परत तेच. आयोजकांचा दर दहा मिनिटांनी फोन, 'हजी केटली वार?', म्हणजे अजून किती वेळ. मी दोन रात्री झोपलो नव्हतो.

तुम्ही खीर-वडे घेऊन खाली आलात. त्या दिवशी काकांची तिथी होती, हे माझ्या लक्षातही नव्हतं. सकाळपासून तुम्ही स्वयंपाकात, आलं-गेलं बघण्यात दमलेल्या असणार. तरी माझ्याकडे बघून वाटी टेबलावर ठेवलीत आणि विचारलंत, "काय म्हणतोय तो संगणक?"

मी म्हटलं, "पास शोधायच्या पानावर एरर येतेय."

"ते तू सांगतोयस. तो काय म्हणतोय? वाच. मोठ्यानं."

तुम्ही एका कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे संगणक विभागात मेनफ्रेम या मोठ्या संगणकावर आयुष्य काढलंत, कोबोल या जुन्या भाषेत पगारपत्रकं चालवलीत, एवढं मला ऐकून माहीत होतं. माझी साइट जिच्यात लिहिली होती ती जावा भाषा तुम्ही कधी पाहिली नव्हती. तरी तुम्ही मला लॉगमधला, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीतला, सगळा स्टॅक ट्रेस (चूक झाली तेव्हा कुठल्या फंक्शननं कुठलं बोलावलं होतं त्याची यादी) कागदावर छापायला लावलात, आणि तोही शेवटचा नाही, त्या संध्याकाळचा अगदी पहिला. "शेवटची ओरड नको. पहिली हाक शोध," हे तुमचे शब्द. पुढच्या शेकडो एरर त्या पहिलीच्याच पडसादासारख्या होत्या, आणि मी नेमका त्या पडसादातच चाचपडत होतो.

चार पानं निघाली. तुम्ही पेन्सिल घेतलीत. मी प्रत्येक ओळ वाचायची आणि ती कुणाची ते सांगायचं. ही टॉमकॅटची, ही स्प्रिंगची, ही हायबरनेटची, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार साधनांची. त्या तुम्ही सोडून द्यायचात. ज्या ओळीत माझ्या पॅकेजचं, म्हणजे मी लिहिलेल्या कोडचं, नाव येईल तिच्याखाली रेघ. दीडशेच्या वर ओळींतून रेघा पडल्या फक्त पाच. इतके दिवस ज्याला मी अक्षरांचं जंगल समजत होतो, त्यात माझी अशी पाचच झाडं होती. स्टॅक म्हणजे पंगतीतल्या ताटांची चवड, शेवटी ठेवलेलं ताट सगळ्यात वर, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. पण हाताखाली ती चवड अशी कधी चाळली नव्हती.

मग 'कॉज्ड बाय' आलं. तुम्ही विचारलंत, "याचा अर्थ काय?" म्हटलं, "वरची चूक या खालच्या चुकीमुळे झाली." तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. "आणि तू तीन दिवस वरचीच वाचतोयस?" ट्रेसमध्ये तीन 'कॉज्ड बाय' होते. अगदी शेवटच्यात साध्या शब्दांत लिहिलं होतं की डेटाबेसचं कनेक्शन मिळालं नाही, तीस हजार मिलिसेकंद वाट पाहून परत फिरलो. त्याच्या खाली 'आणखी ३२' असं काहीतरी होतं. मला वाटायचं तिथे लॉग तुटलाय, महत्त्वाचं काहीतरी गहाळ झालंय. तुम्ही मला ते माहितीपत्रकात बघायला लावलंत: त्या ओळी गहाळ नसतात, वरच्या ट्रेसमध्ये आधी येऊन गेलेल्या असतात, म्हणून पुन्हा छापत नाहीत.

यानंतर तुम्ही जे बोललात त्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

मी म्हटलं, "म्हणजे पास शोधायची क्वेरीच हळू आहे." डेटाबेसला विचारायचा तो प्रश्न मी दोनदा नव्यानं लिहिला होता. कनेक्शनचा पूल, म्हणजे सगळ्यांनी आळीपाळीनं वापरायच्या तयार कनेक्शनांचा साठाही दहाचा पन्नास करून पाहिला होता; एवढंच झालं की साइट अर्ध्या तासाऐवजी दोन तासांनी मेली. तुम्ही वडा मोडून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत एका पुस्तकाच्या दहा प्रती आहेत. अकरावा वाचक खिडकीशी उभा राहून कंटाळला आणि तक्रार लिहून घरी गेला. तुझ्या हातात त्याची तक्रार आहे. तू त्यालाच दरडावतोयस. पुस्तकं नेली कुणी?"

मी गप्प झालो. दोन रात्री मी अकराव्या वाचकाची उलटतपासणी करत होतो.

"नेणाऱ्याचं नाव कुठे लागतं का? लायब्ररीत कार्डावर लागतं."

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये सुरू केलेल्या त्या लायब्ररीत तुम्ही लहानपणापासून जाता. तिथल्या वाचनाच्या शिस्तीतूनच हा प्रश्न सुचला असणार, असं मला वाटतं. कारण मी शोधलं तर आमचा पूल सांभाळणाऱ्या हिकारी नावाच्या साधनात तसं कार्ड होतंच. गळतीच्या नोंदीची एक सेटिंग असते, ती मुळात बंद असते. कुणी कनेक्शन घेऊन ठरलेल्या वेळेत परत केलं नाही, तर ते जिथून घेतलं त्या जागेचा स्टॅक ट्रेस ती लॉगमध्ये लिहिते. मी मर्यादा वीस सेकंद ठेवली. त्या संध्याकाळी सात वाजून काही मिनिटांनी नाव लागलं.

चोर पास शोधायच्या पानात नव्हताच. तो फोटो चढवायच्या फंक्शनमध्ये होता. मी आधी कनेक्शन घेत होतो, मग फोटोचा आकार तपासत होतो. मोबाइलवरचा मोठा फोटो आला की एक्सेप्शन उडायचं, म्हणजे चूक होऊन काम तिथेच तुटायचं, आणि कनेक्शन बंद करायची ओळ यायचीच नाही. वरच्या फंक्शनमध्ये ते एक्सेप्शन मी कॅच करून, म्हणजे पकडून, लॉगमध्ये काहीही न लिहिता टाकून दिलं होतं. लोकांना फक्त 'पुन्हा प्रयत्न करा' दिसायचं. लोक पुन्हा प्रयत्न करायचे. प्रत्येक प्रयत्नाला आणखी एक कनेक्शन जायचं.

कोड दाखवला तेव्हा तुम्ही पहिल्यांदा चिडलात. कनेक्शन अडकलं म्हणून नाही, त्या रिकाम्या कॅचवर. "ओरडणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवलास," म्हणालात. मग तुमच्या वेळचं 'सॉक-सेव्हन' सांगितलंत: आकड्याच्या जागी रिकामी अक्षरं आली की प्रोग्राम जागीच थांबायचा आणि मेमरीतल्या मजकुराचा, हेक्साडेसिमल आकड्यांतला गठ्ठा छापून यायचा. ईबीसीडिक या मेनफ्रेमच्या अक्षर-संकेतात रिकामी जागा म्हणजे ४०, म्हणून गठ्ठ्यात ४० ४० ४० ची रांग दिसली की तुम्ही ओळखायचात, कुणीतरी रकाना कोरा सोडलाय. पगार अडला तरी चालेल, पण चुकीचा आकडा गुपचूप पुढे जाता कामा नये, असं तिथे सगळ्यांना शिकवलेलं होतं. मी ते ऐकत असताना खीर गार झाली. तुम्ही ती पुन्हा गरम करून आणलीत.

दुरुस्ती चार ओळींची होती. वापरलेली वस्तू आपोआप बंद करणारा 'ट्राय' हा कोडचा प्रकार जावात २०११ पासून आहे. तो लावला, आकाराची तपासणी कनेक्शन घेण्याच्या आधी नेली, कॅचमध्ये पूर्ण ट्रेस लिहायला लावला. पूल परत दहावर आणला. नवरात्राचे नऊही दिवस साइट चालली.

तुम्ही गेल्यावर या उन्हाळ्यात एका दुसऱ्या कामात लॉगमध्ये नुसतं नलपॉइंटर एक्सेप्शन (नल, म्हणजे जिथे वस्तू हवी तिथे काहीच नाही) असं नाव दिसायला लागलं, खाली एकही ओळ नाही. हजारो वेळा तेच. पूर्वीचा मी घाबरून सगळीकडे नलच्या तपासण्या पेरत सुटलो असतो. या वेळी मी लॉगमध्ये मागे मागे गेलो, सर्व्हर चालू झाला त्या सकाळपर्यंत. तिथे पहिली हाक होती, पूर्ण ट्रेससकट. एकाच जागी तीच चूक फार वेळा झाली की वेग राखण्यासाठी जावा ट्रेसशिवायचं एक्सेप्शन फेकू लागते, हे त्या दिवशी कळलं. दहा मिनिटांत ओळ सापडली. मी खुर्चीतून उठून जिन्याकडे बघितलं, आणि मग आठवलं की वर कुणी नाही.

काकू, मला कोड शिकवणारे पुष्कळ भेटले. एवढ्या दमलेल्या दिवशी माझ्या शेजारी बसून चार पानं ओळीनं ऐकून घेणारं कुणी भेटलं नव्हतं. मनापासून आभार. संध्याकाळी शिकायला येणाऱ्या दोन मुलांनाही मी आता ट्रेस छापायला लावतो आणि मोठ्यानं वाचायला सांगतो. पेन्सिल तुमचीच आहे, टेबलावर राहून गेली होती.

तुळशीला रोज पाणी घालतो. घटस्थापनेला येणार असाल तर गाडीची वेळ कळवा, स्टेशनवर घ्यायला येतो.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा