आधी विचारा, इंजिन कुठे आहे?

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या मोटारींच्या फेरीचे फोटो पाहिले. गट पडले गाडीच्या सालावरून आणि बक्षिसे गेली चकाकीला. हौसेला मोल नसते, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. पण शेवटी एक ओळ होती: पुढल्या वर्षी घाटात चढाईची स्पर्धा घेण्याचा विचार आहे. त्यासाठी हे पत्र.

मी मूळचा इचलकरंजीचा, राहतो ब्रिस्टलला. ईस्टरला शेजाऱ्याच्या हिलमन इम्प या छोट्या जुन्या ब्रिटिश मोटारीत त्याच्या बाजूला बसून 'लँड्स एंड ट्रायल'ला जातो. इथल्या मोटर सायकलिंग क्लबची ही हौशी स्पर्धा 1908 पासूनची. वेगाशी तिचा फारसा संबंध नाही. रात्रभर गाडी हाकायची आणि वाटेतले चिखलाचे, दगडांचे उभे चढ न थांबता चढायचे. काही ठिकाणी तर चढावरच आखलेल्या चौकटीत थांबवतात आणि तिथून गाडी पुन्हा उचलायला लावतात. मागे घरंगळली की तो चढ गेला. सगळे चढ सर केले तर सुवर्ण. दुसऱ्याला सुवर्ण मिळाले म्हणून आपले जात नाही.

इथे गट पाडताना पहिला प्रश्न असतो, इंजिन कुठे आणि ओढणारी चाके कुठली? दुसऱ्या महायुद्धाआधीच्या गाड्यांचा गट निराळा आहेच, पण बाकी विभागणी यंत्रावर. चढावर गाडीचा भार मागे सरकतो. त्यामुळे पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी हलकी पडून जागीच चाके फिरवते, म्हणून तिचा गट वेगळा. आमच्या इम्पचे 875 सीसीचे इंजिन मागे, ओढणाऱ्या चाकांवरच बसलेले, फोक्सवॅगन बीटलचेही तसेच. त्यांना पुढे इंजिन असलेल्या साध्या मोटारींबरोबर तोलत नाहीत. घरी बनवलेल्या, फेरफार केलेल्या गाड्या आणखी निराळ्या. चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीला प्रवेशच नाही.

पहिल्या वर्षी मी शहाणपणा केला. आमच्याकडे उसाचा ट्रॅक्टर रुतला की डिफरन्शियल लॉकचे पेडल दाबतात, म्हणजे मागची दोन्ही चाके एकत्रच फिरतात, तसे काही इम्पला बसवू या म्हटले. शेजारी हसला. नियमात तेच बाद आहे! चाक फिरू लागले तर टायरमधली हवा कमी करा, नाहीतर बाजूच्याने सीटवर उड्या मारून वजन पाडा. ते काम माझे. घरी येईपर्यंत कंबर कामातून जाते.

आपल्याकडे 2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा क्रमांक मिळतो. नोंदणीपुरते ते ठीक. स्पर्धेला तोच निकष लावलात तर 1983 च्या डिसेंबरात आलेली मारुती 800 दारातच अडेल, आणि घाटात खरी गंमत तिचीच आहे. पद्मिनी आणि अँबॅसिडर एका गटात घाला. दोघींचे इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना. मारुती 800 पुढून ओढते, तिला स्वतंत्र गट द्या. ओम्नी नात्याने तिची बहीण, पण इंजिन पुढच्या सीटखाली आणि ओढ मागे, तेव्हा तिचा विचार वेगळा. फोर व्हील ड्राइव्ह जीपवाल्यांना प्रेमाने चहा पाजून प्रेक्षकांत बसवा.

तारीख ठरली की पुरवणीत जरूर छापा. पद्मिनीत उड्या मारायला माणूस लागला, तर मी रजा काढून येतो.

– एक वाचक, ब्रिस्टल