कागद बाजूला ठेव, कापड मागव

प्रिय विनायक,

नव्या राष्ट्रध्वजाच्या आराखड्यांची छाननी करायला बसणार आहेस आणि सुरुवात कुठून करू असं विचारलंस. तुझ्या टेबलावर येणारं प्रत्येक चित्र सपाट असेल, चांगल्या उजेडात असेल आणि डोळ्यांपासून दोन फुटांवर असेल. झेंड्याच्या नशिबी यातलं क्वचितच काही येतं. वारा नसला की तो लटकतो, असला की फडफडतो, पावसात भिजून काठीला चिकटतो, आणि बघणाऱ्यांपैकी निम्मे लोक त्याची मागची बाजू बघत असतात. म्हणून चित्र सुंदर आहे का हे नंतर बघ. ते कापडावर टिकतं का, हे आधी.

पहिलं काम: प्रत्येक आराखड्यासोबत अर्थाची एक चिठ्ठी येईल. निळा म्हणजे समुद्र, पांढरा म्हणजे शांती, लाल म्हणजे हुतात्म्यांचं रक्त. त्या सगळ्या चिठ्ठ्या कुणाला तरी काढून पाकिटात बंद करायला सांग, नावंही झाकायला सांग, चित्रावर फक्त क्रमांक ठेव. चिठ्ठी वाचली की डोळा चित्रात नसलेलंही बघायला लागतो. शेवटच्या पाच-सहांत पोचलेल्यांचीच पाकिटं उघड.

किती चित्रं येतील याचा अंदाज हवा असेल तर दोन आकडे देतो. कॅनडात १९६४ साली संसदेच्या समितीपुढे ३,५४१ आराखडे होते. त्यांतल्या २,१३६ वर मेपलचं पान आणि ३८९ वर बीव्हर हा तिकडचा प्राणी. न्यूझीलंडमध्ये २०१५ साली १०,२९२ आले. म्हणजे पहिली चाळण भराभर लावावीच लागते, एका चित्राला पाच-सहा सेकंद. अक्षरं, देशाचं नाव, माणसाचा चेहरा, फोटो, एखाद्या पक्षाच्या चिन्हाची सावली दिसली की चित्र बाहेर. नकाशाही बाहेर. बांगलादेशच्या पहिल्या झेंड्यावर लाल वर्तुळात देशाचा नकाशा होता, तो १९७२ साली काढला. दोन्ही बाजूंनी नकाशा नीट काढणं अवघड, हे त्याचं एक कारण सांगितलं जातं. याच टप्प्यावर एक वकील शेजारी बसव. न्यूझीलंडच्या ४० आराखड्यांच्या यादीतून एक आराखडा स्वामित्वहक्काच्या तक्रारीमुळे जाहीर झाल्यानंतर काढावा लागला. असं झालं की लोक उरलेल्या ३९ कडेही संशयाने बघतात.

उरलेली चित्रं १८ बाय १२ मिलिमीटर आकारात छापून घे आणि हात लांब करून अर्ध्या मीटरवर धर. १.८ बाय १.२ मीटरचा झेंडा ५० मीटरवरून एवढाच दिसतो, हिशेब सरळ आहे. पडद्यावर लहान करून बघू नकोस. बोटं आपोआप मोठं करायला जातात. इथे बारीक कामाचा निकाल लागतो. समजा कुणी दोन रंगांच्या मध्ये उंचीच्या चाळिसाव्या भागाची पांढरी रेघ दिली. १.२ मीटरच्या झेंड्यात ती ३ सेंटिमीटर झाली. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाहून बारीक तपशील सुटा दिसत नाही, आणि १०० मीटरवर तो भाग साधारण २.९ सेंटिमीटर भरतो. म्हणजे रेघ तिथेच संपली. रेघ हवीच असेल तर जाड करा, नाहीतर काढून टाका, असा शेरा लिही.

याच छोट्या चित्रांचा एक काळा-पांढरा संच काढ. लाल आणि हिरवा एकाच गडदपणाचे असतील तर ते एकमेकांत विरघळतील. युरोपीय वंशाच्या दर बारा पुरुषांतल्या एकाला लाल-हिरव्याचा फरक नीट कळत नाही, त्यांना झेंडा रोज जवळपास तसाच दिसतो. जुन्या ढाल-चिन्हांच्या कलेतला नियम अजून कामाचा आहे: पिवळा आणि पांढरा हे उजळ, बाकीचे गडद; उजळाला उजळ चिकटवू नये, गडदाला गडद चिकटवू नये, मध्ये विरुद्ध जातीची पट्टी द्यावी. दक्षिण आफ्रिकेचा १९९४चा झेंडा याच जोरावर उभा आहे. त्यात सहा रंग आहेत, आणि 'दोन-तीन रंग पुरे' म्हणणारा परीक्षक तो पहिल्याच फेरीत फेकून देईल. पण हिरव्या पट्ट्याला लाल आणि निळ्यापासून पांढरी कड वेगळं करते, काळ्या त्रिकोणापासून पिवळी. म्हणून एकही रंग दुसऱ्याला गिळत नाही. रंग किती आहेत यापेक्षा कोण कोणाशेजारी बसलाय ते बघ. गंमत म्हणजे तिथे लोकांकडून सात हजारांवर आराखडे येऊनही त्यांतला एकही चालला नव्हता. शेवटी फ्रेडरिक ब्राउनेल या सरकारी चिन्हतज्ज्ञांचा आराखडा १५ मार्चला मंजूर झाला, आणि झेंडा फडकायचा होता २७ एप्रिलला.

आता कापडाकडे येतो. चित्राच्या चार बाजू सारख्या नसतात. दोरीचा नेफा ज्या बाजूला, ती काठीकडची बाजू, आणि तिचा वरचा कोपरा सगळ्यांत मोलाचा, कारण वारा पडला तरी तेवढा भाग दिसत राहतो. ओळख पटवणारी खूण तिथे हवी, किंवा निदान तिकडे झुकलेली. मोकळी बाजू सतत फटकारे खाते, आधी तिथल्या टिपा उसवतात, मग दशा निघतात. झेंडा सांभाळणारे ती कड कापून पुन्हा दुमडून शिवतात आणि दर खेपेला दोन-चार सेंटिमीटर कापड जातं. कुणी त्या कडेला तारा टेकवला असेल तर वर्षभरात त्याचं टोक गेलंच म्हणून समज. वर्तुळाचंही असंच. बांगलादेशच्या झेंड्यात लाल वर्तुळाचा मध्य लांबीच्या २० भागांपैकी ९ भागांवर आहे. १८० सेंटिमीटर लांबीत ८१ वर, मधोमध ९० वर नाही. फडफडताना मोकळी बाजू आखडते, त्यामुळे ते डोळ्याला मध्यावर वाटतं. जपानने याउलट केलं: १९९९च्या कायद्याने शंभराव्या भागाइतकं सरकवलेलं वर्तुळ बरोबर मध्ये आणलं. मला बांगलादेशचा विचार जास्त पटतो.

मागची बाजू हा बहुतेक चित्रकारांच्या गावी नसलेला विषय. एकेरी कापडावर छापलं तर रंग आरपार जातो आणि मागे आरशातली प्रतिमा येते. पट्टे, तारे, वर्तुळं याला हरकत नाही. अक्षरं असली की पंचाईत. सौदी अरेबियाच्या झेंड्यावरचा मजकूर दोन्ही बाजूंनी नीट वाचता यावा म्हणून दोन झेंडे पाठीला पाठ लावून शिवतात. मध्ये रंग झाकायला अस्तर घातलं तर वजन तिपटीच्या घरात जातं आणि मंद वाऱ्यात झेंडा हलत नाही. शिवून करायचा म्हटलं तर प्रत्येक आतला कोपरा शिंप्याला छळतो. पाच टोकांच्या ताऱ्याला असे पाच कोपरे असतात: तुकडा पुढून टीप मारून बसवायचा, मग मागचं जादा कापड टिपेच्या कडेकडेने कापून काढायचं. कात्री जराशी जास्त गेली की नेमकं आतल्या कोपऱ्यात भोक. एक तारा ठीक आहे. चित्रात असे तीस असतील तर झेंडा शिवला जाणार नाही, कायम छापलाच जाईल, हे मान्य करूनच त्याला गुण दे.

म्हणून शेवटच्या पाच-सहा आराखड्यांचे खरे नमुने करून घेच, आणि सध्याचा झेंडाही त्याच कापडात, त्याच मापात करून शेजारी लाव. नाहीतर नव्या कोऱ्या चित्राची तुलना विटलेल्या जुन्याशी होते. वाऱ्यात, वारा पडल्यावर, भिजल्यावर आणि सूर्य मागे असताना, असं चारही वेळा बघ. कॅनडाच्या मेपलच्या पानाला अकरा टोकं आहेत ती कुठल्या प्रांतांची नाहीत. वाऱ्याच्या बोगद्यात वेगवेगळी पानं फडकवून पाहिली, तेव्हा जोराच्या वाऱ्यात हेच सर्वांत कमी धूसर दिसलं.

बाहेरच्या माणसांवर दोन परीक्षा कर. दहा जणांना चित्र दहा सेकंद दाखव, दुसऱ्या दिवशी कागद देऊन आठवेल तसं काढायला सांग. दहापैकी आठांनी जे गाळलं ते चित्रात कशाला हवं, असं समितीला विचार. दुसरी: काहीही न सांगता 'हे कशासारखं दिसतं?' एवढंच विचार. किर्गिझस्तानच्या झेंड्यावर सूर्य आहे, पण त्याचे चाळीस किरण वळणदार होते आणि तो लोकांना सूर्यफुलासारखा वाटायचा. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने किरण सरळ करायला मंजुरी दिली. हसू आलं की परीक्षक ते गिळतो. तू टिपून ठेव.

जुळ्या झेंड्यांचीही तपासणी हवी, तीही सरळ, उलटं, आणि रंग विटल्यावर कसं दिसेल ते धरून. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये लिख्टेनश्टाइनला कळलं की हैतीचा झेंडाही तसाच निळा-लाल आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी मुकुट घातला. इंडोनेशिया आणि मोनॅको फक्त लांबी-उंचीच्या प्रमाणात वेगळे, आणि पोलंडचा उलटा टांगला की तोही त्यांच्यात जमा.

निवड झाल्यावरचा कागद लहान वाटतो, पण सगळ्यांत जास्त रडारड तिथेच होते. प्रत्येक माप उंचीच्या अपूर्णांकात लिहा, रंगाला नुसतं नाव देऊ नका. स्कॉटलंडचा निळा आकाशीपासून गडदपर्यंत वाट्टेल तसा वापरला जायचा, शेवटी २००३ मध्ये त्यांच्या संसदेच्या समितीने पॅन्टोन या रंगांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीतली ३०० ही छटा सुचवली. नेपाळने तर झेंडा कसा काढायचा याच्या भूमितीच्या पायऱ्या थेट राज्यघटनेच्या अनुसूचीत घातल्या आहेत, त्या वाचून शाळकरी मुलगा पट्टी-कंपासने झेंडा काढू शकतो. उभा टांगायचा तर वर काय येईल, हेही त्याच कागदात लिहून टाका. नाहीतर सिंह पाठीवर झोपलेला दिसतो.

मतदान घेणार असाल तर अंतिम यादीत एकाच कल्पनेची भावंडं भरू नका. न्यूझीलंडच्या पहिल्या चार आराखड्यांत तीन नेच्याच्या पानाचे होते, त्यांतले दोन एकाच माणसाचे. लोकांनी आग्रह धरल्यावर पाचवा घेतला, पण तोवर चर्चेचा सूर बिघडला होता. मार्च २०१६ मध्ये ५६.६ टक्क्यांनी जुनाच झेंडा ठेवला. कॅनडाच्या समितीत उरलेल्या दोन आराखड्यांतून निवडताना मत १४ विरुद्ध ० पडलं, त्यामागे मात्र पक्षांचे डावपेच होते. त्याला आदर्श मानू नकोस.

नमुने प्रत्येकी दोन शिवून घे. एक काठीवर, एक पेटीत अंधारात. महिन्याने दोन्ही शेजारी धर, कुठला रंग आधी उतरला ते लगेच कळेल. आणि प्रत्येक नेफ्यावर शिंप्याला आराखड्याचा क्रमांक आणि 'वर' असा बाण काढायला सांग. चढवणाऱ्याने चढवण्याआधी तो बाण शोधला, तर तेही त्या आराखड्याच्या शेऱ्यात लिही.

तुझा,
श्रीधर