सफारीचा डबा स्टीलचा करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या (मुख्य जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या) गावात राहते आणि गावाजवळच्या एका रिसॉर्टमध्ये खोल्या साफ करते. आठ वर्षं झाली. माझ्याकडे सहा खोल्या आहेत. मागच्या मे महिन्यात एका आठवड्यात माझ्या सहा खोल्यांतून किती रिकाम्या बाटल्या निघाल्या, ते मी पोरीच्या जुन्या वहीत मांडून ठेवलं. 131 निघाल्या. त्यातल्या कितीतरी अर्ध्या भरलेल्याच होत्या. त्याच महिन्यात आमच्या बोडीत (लहान तळ्यात) ढोरांना पुरेल एवढंही पाणी नव्हतं.

बाटल्या निदान भंगारवाला नेतो. खरी अडचण स्वयंपाकघराची आहे. बुफेतला उरलेला भात, भाज्या, सालं, नाश्त्याचे प्लास्टिकचे डबे, पन्न्या (प्लास्टिकच्या पिशव्या), सगळं एकाच ट्रॉलीत भरून नाल्याच्या काठी टाकलं जायचं. भाताच्या वासाने रानडुकरं येऊ लागली. तिथून ती आमच्या बांधीत (धानाच्या शेतात) उतरली आणि एका रात्रीत धानाचे पऱ्हे (रोपं) उखडून गेली. पेरणीचं बियाणं पुन्हा आणावं लागलं. गावातली कुत्रीही तिथेच राहू लागली, आणि जिथे कुत्री, तिथे बिबट. आता सायंकाळी बाया नाल्याकडे जात नाहीत. माझी गाय तिकडेच चरायची. ती फुगली, डॉक्टरांनी दोन दिवस प्रयत्न केले, पण वाचली नाही. पोट फाडलं तेव्हा पन्न्यांचा एवढा मोठा गोळा निघाला की दोन्ही हातांत मावेना. गाभण होती.

फेब्रुवारी 2024 मध्ये ताडोब्यातल्या रामदेगीकडच्या वाघाने पाणवठ्यातली प्लास्टिकची बाटली तोंडात धरून नेल्याचा व्हिडिओ देशभर पाहिला गेला. लोक हळहळले, ते बरोबरच आहे. पण गाईच्या पोटातल्या पन्नीचा व्हिडिओ कोणी काढत नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या आईच्या घरी कचरा असा नव्हताच. भाजीची देठं ढोरांपुढे, राख आणि शेण उकिरड्यात, उन्हाळ्यात तो उकिरडा गाड्यांनी बांधीत. पंगत उठली की पळसाच्या पत्रावळी त्याच खड्ड्यात. जमिनीतून आलेलं जमिनीत जायचं. रिसॉर्टमध्ये मात्र वांगी नागपूरहून येतात आणि त्यांची देठं आमच्या नाल्यात राहतात.

गाय गेल्यावर मी मॅनेजर साहेबांकडे गेले. म्हटलं, ओला कचरा वेगळ्या ड्रममध्ये द्या, आमच्या बचत गटाच्या चौघी नेऊ. त्यांनी ऐकलं, हे मी मुद्दाम लिहिते. दिवाळीपासून दोन निळे ड्रम आहेत. आम्ही खताचा टाका बांधला, शेण मिसळलं, गांडुळं सोडली. अडीच-तीन महिन्यांत चहाच्या भुकटीसारखं खत हाती येतं. त्या खतावर वांगी आणि सांबार (कोथिंबीर) लावला. आता सांबार रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात जातो. वांगी अजून घेत नाहीत. शेफ म्हणतात एकसारख्या आकाराची पाहिजेत आणि पक्कं बिल पाहिजे. बिल आम्ही शिकून देऊ. आकाराचं मात्र त्यांनी थोडं सोडावं. भरताला वांगं लहान-मोठं चालतं.

आता माझं मुख्य म्हणणं. पहाटेच्या सफारीला पाहुण्यांना नाश्ता बांधून देतात, तो प्लास्टिकच्या डब्यात, वरून चमकी कागद, सोबत लहान बाटली. सफारीची जिप्सी गाडी सकाळी ज्या गेटातून आत जाते, त्याच गेटातून दहाच्या सुमारास बाहेर येते आणि पाहुण्यांना परत रिसॉर्टवरच सोडते. मग स्टीलचा डबा का नाही परत येणार? ड्रायव्हरकडे कापडी पिशवी द्यावी, डबे मोजून द्यावे, मोजून घ्यावे. धुवायला आम्ही आहोत. खोलीत काचेची बाटली ठेवावी, ती रोज उकळत्या पाण्याने धुऊन भरता येते. चादर रोज बदलायची की नाही, हे पाहुण्यांना विचारावं. बहुतेक लोक नाही म्हणतील, चांगल्या मनाचे असतात.

हॉटेलांनी कचरा जागेवरच वेगळा करावा आणि ओल्याचं शक्यतो आवारातच खत किंवा गॅस करावा, असं 2016 च्या घनकचरा नियमांतच लिहिलं होतं. गेटवर वाघांची चित्रं आणि ‘इको’ शब्द मोठ्या अक्षरांत असतात. ग्रामपंचायतीने आणि वनविभागाने एकदा त्या फाटकाच्या मागच्या बाजूला जाऊन ट्रॉली कुठे रिकामी होते ते पाहावं. आमच्या ड्रमांचा हिशोब मी वहीत ठेवला आहे, कोणालाही दाखवीन.

पावसाळ्यात कोअरचे (आतल्या मुख्य जंगलाचे) गेट 30 सप्टेंबरपर्यंत बंद असतात, तेव्हा सगळ्यांना उसंत असते. बाकीच्या रिसॉर्टांनी त्या तीन महिन्यांत टाके बांधून घ्यावेत. जागा कशी निवडायची, शेण किती लागतं, हे आमच्या गटाच्या बाया येऊन दाखवतील. मजुरी घेणार नाही, फक्त येण्या-जाण्याचं भाडं द्यावं.

आपली,
एक वाचक, ता. भद्रावती, जि. चंद्रपूर
(नोकरी त्याच ठिकाणी आहे, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)